मानाची फांदी

आमच्या नाताळच्या झाडावर शोभेची वस्तू म्हणाल तर एकही नाही. आहेत ते सगळे नातेवाईक. लोकरीचा सांताक्लॉज म्हणजे आत्याबाई, पितळी घंटा म्हणजे थोरले दीर, मोत्यांचा तारा म्हणजे जाऊबाई आणि एका पंखाचा देवदूत म्हणजे नणंद. दुसरा पंख कुणाच्या हातून तुटला, हा विषय घरात काढायचा नसतो. वर्षभर ही मंडळी जुन्या मिक्सरच्या खोक्यात एकमेकांना खेटून गुण्यागोविंदाने राहतात. भांडणं सुरू होतात ती झाडावर चढल्यावर.

झाड प्लास्टिकचं आहे. कुठली फांदी कुठल्या ओळीत खोचायची हे कळावं म्हणून फांद्यांच्या बुडाशी रंगाच्या खुणा होत्या. त्या केव्हाच उडाल्या. नवरा म्हणतो, “लाव गं अंदाजाने, कोण बघतंय!” कोण बघतंय? याच्याच घरचे बघतात, आणि दुसरं काही बघतच नाहीत. दार उघडलं की पाहुणा “काय, कसं काय?” मला विचारतो, पण नजर माझ्या खांद्यावरून थेट झाडाकडे. आपण कुठे आहोत, कुणाच्या शेजारी आहोत आणि मुख्य म्हणजे कुणाच्या खाली आहोत, याचा हिशोब चपला काढेपर्यंत झालेला असतो.

“अगं, माझा सांता दिसत नाही तो?” आत्याबाई.

“आहे की आत्या. डावीकडे, खाली.”

“खाली होय.” मग मोठा उसासा. “असू दे बाई. गुडघे धरलेत आमचे. आम्ही आपले खालीच बरे.”

आता यात माझा काय दोष? तो सांता आत्याबाईंनी स्वतः विणलाय आणि उरलेली सगळी लोकर त्याच्याच पोटात कोंबली आहे. प्लास्टिकची फांदी म्हणजे आत नुसती तार. वरच्या फांदीवर टांगला की तो हळूहळू वाकत येतो आणि संध्याकाळपर्यंत जाऊबाईंच्या ताऱ्याच्या मांडीवर बसतो. मग जाऊबाई काही बोलत नाहीत. त्यांचं न बोलणं शेजाऱ्यांनाही ऐकू जातं.

दिरांची घंटा त्याहून जड. ती वाजली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. म्हणून ती येता-जाता हात पोचेल अशा जागी हवी. पोचतोच. बाथरूमला जाताना एकदा, येताना एकदा.

या सगळ्यांत निर्विवाद मान एकाच वस्तूचा, सासूबाईंच्या आईकडून आलेल्या काचेच्या गोळ्याचा. असे गोळे करायची कला जर्मनीतल्या लाउशा गावची. एकोणिसाव्या शतकात तिथले कारागीर तापलेली काच फुंकून फुगवायचे आणि आतून चंदेरी मुलामा द्यायचे. त्यामुळे चकाकी आत राहते आणि बाहेरून हाताला लागते ती नुसती काच. आमच्या गोळ्याचा मुलामा एका जागी नखाएवढा निघालाय. तिथून डोळा लावून पाहिलं की आतला अंधार आणि टोपीच्या तारेचे दोन पाय दिसतात. बाकी सगळीकडे आपलंच नाक दिसतं, तेही भोपळ्याएवढं. ती टोपी सैल आहे. टोपीला धरून गोळा उचलावा तर टोपीच हातात येते. म्हणून एकाने टांगायचा, दुसऱ्याने खाली ओंजळ धरून उभं राहायचं आणि सासूबाईंनी “सावकाश... सावकाश...” म्हणत राहायचं, अशी आमच्याकडची पद्धत. वरची, मधली, समोरची फांदी त्याची. तिथे वाद नाही. वाद असतो तो दुसऱ्या मानाच्या फांदीवरून, आणि तो तोंडाने कुणीच घालत नाही.

तो रात्री चालतो.

संध्याकाळी मी जसं सजवलेलं असतं तसं झाड सकाळी नसतं. देवदूत एक मजला वर गेलेला असतो. तारा मागून पुढे आलेला असतो. आत्याबाईंचे गुडघे रात्री बहुतेक दुखत नसावेत, कारण सांताही पोटरीवरून छातीपर्यंत चढलेला असतो. चहाच्या वेळी मी सहज म्हणून विचारते, “रात्री कुणी उठलं होतं का?” सगळे एकाच वेळी वर्तमानपत्र वाचायला लागतात. वर्तमानपत्र एकच येतं. तीन दिवसांत सगळा गोतावळा समोरच्या बाजूला जमतो, मागची बाजू उघडी पडते आणि झाड नमस्काराला वाकल्यासारखं पुढे कलतं. मागे उरतं ते माझं माहेर. आईने दिलेली कागदाची छोटी चांदणी भिंतीकडे तोंड करून असते. भिंतीची अजून काही तक्रार आलेली नाही.

झाडाची ही हौस घरोघरी पसरवण्यात राजघराण्याचा मोठा वाटा. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणी, प्रिन्स अल्बर्ट आणि मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापून आलं आणि इंग्लंडभर लोकांनी तसं झाड घरात आणायला सुरुवात केली. चित्राला आवाज नसतो, हे त्या घराण्याचं नशीब.

मला खरा आदर वाटतो तो एडवर्ड जॉन्सनबद्दल. हा एडिसनचा सहकारी. १८८२ साली त्याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी झाडावर विजेचे दिवे लावले, लाल, पांढरे आणि निळे मिळून ८०. तोवर लोक झाडावर पेटत्या मेणबत्त्या लावत, म्हणून सगळे कौतुक करतात ते दिव्यांचं. पण त्याचं झाड विजेवर गोल फिरत होतं! प्रत्येक बाजू आळीपाळीने समोर. दिवे हा माणूस कुठेही लावू शकला असता. झाड फिरवायची बुद्धी आत्याबाई घरात असल्याशिवाय सुचत नाही.

आमच्या दिव्यांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. माळ जुनी, एकात एक जोडलेली. एक बल्ब गेला की सगळे जातात, आणि तो एक शोधायला घरातले सगळे पुरुष जमिनीवर पालथे पडतात. तेवढा वेळ घंटा वाजत नाही, हा फायदा.

यंदा नणंदबाई नवीन वस्तू घेऊन आल्या. लाकडी गोल चकती, तिच्यावर सगळ्या कुटुंबाचा फोटो छापलेला. मागच्या नाताळचा. मी चकतीच्या कडेला आहे, म्हणजे माझा डावा कान आणि हातातला ट्रे आहे. पण वस्तू देखणी. सगळ्यांनी हातोहात फिरवून पाहिली. नवऱ्याचा चेहरा एकदम उजळला. म्हणाला, “मग प्रश्नच मिटला की! यात आपण सगळे आहोत. ही एकच टांगू मानाच्या फांदीशेजारी, आणि बाकीचं सगळं खोक्यात.”

खोली शांत झाली. इतकं साधं उत्तर आजवर कुणालाच कसं सुचलं नाही, असं मलाही क्षणभर वाटून गेलं. दिरांनी मान हलवली. जाऊबाईंनी चक्क “हो” म्हटलं. सासूबाई दोरा आणायला उठल्या.

आत्याबाईंनी चष्मा लावला, चकती उजेडाकडे धरली आणि विचारलं, “यात मी मागच्या रांगेत का?”