‘एकदा बनवली की झालं’ हे खरं नाही

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: वेबसाइट एकदा बनवली की कायमची झाली, मेंटेनन्स मागणारे लुटतात, डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, साइट बनवणाऱ्याच्याच नावावर असू द्यावं, आपल्याला कटकट नको, ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट सुरक्षित, आणि गूगलवर पहिल्या नंबरची हमी देईल त्यालाच काम द्यावं. माझ्या मामेभावानं तो मला पाठवला, वर लिहिलं, ‘दादा, बरोबर सांगून राहिले हे.’

बरोबर नाही. सगळ्यात घातक सल्ला डोमेनचा आहे.

डोमेन दुकानाच्या गाळ्यासारखं खरेदी होत नाही. ते मुदतीनं मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. म्हणजे ‘लाइफटाइम डोमेन’ असं काही नसतंच. आमच्या घरच्या संत्रा बर्फीच्या दुकानाचं डोमेन साइट बनवणाऱ्या मुलाच्या खात्यात होतं. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या. नोव्हेंबरात, अंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरत असताना, साइट बंद पडली. ऑर्डरी यायच्या तो ईमेलही त्याच डोमेनवर होता, तोही गेला. मुलगा लबाड नव्हता, फोन लागला तसं त्यानं धावपळ करून सोडवून दिलं. पण डॉट कॉम डोमेन मुदत संपून रद्द झालं की साधारण ३० दिवस जादा शुल्क भरून परत घेता येतं, त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही मिळू शकतं. आम्ही त्या ३० दिवसांत होतो, एवढंच.

म्हणून रजिस्ट्रारकडचं, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडचं, खातं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या मोबाइलवर उघडा. त्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा; डोमेन गेलं तर पासवर्ड बदलायचा मेलही मिळणार नाही. होस्टिंगचंही, म्हणजे साइटच्या फाइली जिथे ठेवतात त्या भाड्याच्या जागेचंही, तेच. साइट सांभाळणाऱ्या सल्लागाराला कामापुरता प्रवेश द्या, मालकी नको.

आणखी एक गोष्ट त्या मजकुरात नाहीच. बिल भरलं म्हणजे साइटचा कोड, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, आपला झाला, असं आपण धरून चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कोडचा पहिला मालक सहसा लिहिणाराच असतो. हक्क लेखीच हस्तांतरित व्हावे लागतात, आणि त्या लेखी करारात मुदत नसेल तर ते ५ वर्षांपुरतेच धरले जातात. करारात ‘सर्व हक्क, कायमचे, जगभरासाठी’ हे लिहून घ्या.

आता मेंटेनन्स. यात अर्धं सत्य आहे: वर्षाचे पैसे घेऊन वर्षभर साइट उघडूनही न पाहणारे आहेत. पण म्हणून कामच नको कसं? अनेक साइट ज्या पीएचपी भाषेवर चालतात, तिच्या ७.४ आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं २८ नोव्हेंबर २०२२ ला संपलं. त्यावर चालणारी साइट कुणी हात न लावताही दरवर्षी जास्त धोक्यात येते. साइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमधली बहुतेक भगदाडं प्लगइनमध्ये, म्हणजे त्याला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये, सापडतात. तेव्हा माणूस ठेवताना विचारा: दर महिन्याला नेमकं काय अपडेट करणार? बॅकअप होस्टिंगपासून वेगळ्या जागी ठेवता का? आणि त्या बॅकअपवरून साइट पुन्हा उभी करून शेवटची कधी पाहिली? तिसऱ्या प्रश्नाला जो तारीख सांगेल, त्याचे पैसे मी आनंदानं देतो.

कुलपाचं म्हणाल तर त्याच्यामागचं तंत्र, एसएसएल, ग्राहक आणि साइट यांच्यामधल्या वाटेतली माहिती फक्त झाकतं. फसव्या साइटलाही ते मिळतं. लोक गैरसमज करून घेतात म्हणून क्रोमनं २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं ते चिन्ह बदललं. शिवाय एसएसएलसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रालाही मुदत असते: १५ मार्च २०२६ पासून नव्यासाठी कमाल २०० दिवस, २०२९ पासून ४७. ते आपोआप नवं होण्याची सोय कुणीतरी लावावी आणि तपासावी लागते.

पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. साइट शोधात वर आणायच्या कामाचा फरक दिसायला ४ महिने ते वर्ष लागू शकतं, हेही.

मामेभावाचं डोमेन कुणाच्या खात्यात आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. रविवारी त्याच्या दुकानात बसून ते शोधणार आहोत.