घराणं विकत घेताना

बंगला झाला, गाडी झाली, पण मागे घराणं नाही ही बोच तुम्हाला झोपू देत नाही ना? मग ब्रिटन आणि आयर्लंडच्या उमरावांकडे बघा. यातल्या बऱ्याच जणांच्या पणजोबांनाही नेमकी हीच बोच होती.

तेव्हा लाजू नका, सरळ भाव विचारा. 1611 साली पहिल्या जेम्स राजाने बॅरोनेट ही पदवी काढली तेव्हा किंमतही उघड सांगितली होती: 1,095 पाउंड. उत्तर आयर्लंडातल्या अल्स्टर प्रांतात 30 शिपाई तीन वर्षं पोसायचा हा खर्च. माणशी रोजचे आठ पेन्स (तेव्हा पाउंडाचे 240 पेन्स) धरून गुणाकार करून बघा, पै न पै जुळते. हप्त्यांची सोय होती. आणि ‘सर’ एकट्या तुम्हाला नाही, मोठ्या मुलाला, मग त्याच्या मोठ्या मुलाला... अशी योजना आजकाल कुठली बँक देते?

पुढे हाच व्यवहार गुपचूप व्हायला लागला आणि बदनाम झाला. पंतप्रधान लॉइड जॉर्जच्या काळात पदव्यांचा असा बाजार भरला की शेवटी 1925 मध्ये कायदा करावा लागला. त्या कायद्याखाली शिक्षा झाली ती एकाच माणसाला, 1933 मध्ये, मॉंडी ग्रेगरी नावाच्या दलालाला. तुम्ही गिऱ्हाईक आहात, दलाल नव्हे. निश्चिंत असा.

खरी इंग्लिश उमरावकी मिळत नसेल तर आयरिश घ्या. प्लासी जिंकून, बंगालमध्ये गब्बर होऊन परतलेल्या रॉबर्ट क्लाइव्हलाही इंग्लिशच हवी होती, 1762 मध्ये पदरात पडली आयरिश. पदवी काय, तर ‘क्लेअर परगण्यातल्या प्लासीचा बॅरन क्लाइव्ह’. आता क्लेअरमध्ये प्लासी कुठून आणायची? क्लाइव्हने शॅनन नदीकाठी जमीन घेतली आणि तिलाच प्लासी नाव देऊन टाकलं. आज तिथे लिमरिकचं विद्यापीठ आहे आणि त्या जागेला अजूनही प्लासीच म्हणतात. (मूळच्या प्लासीचं नाव पळसावरून पडलं असं सांगतात. कुठेही जा, पानं तीनच.)

आयरिश पदवीचा आणखी एक फायदा म्हणजे लॉर्ड होऊनही ब्रिटनमधून निवडणूक लढवता येत असे. व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानात निघालेल्या कर्झनने 1898 मध्ये मुद्दाम आयरिशच घेतली, परत आल्यावर कॉमन्सचा, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून यायच्या सभागृहाचा, दरवाजा उघडा राहावा म्हणून. ‘केडलस्टनचा बॅरन’. केडलस्टन डर्बिशायरमध्ये, म्हणजे भर इंग्लंडात! आयर्लंडचा लॉर्ड व्हायला आयर्लंड लागतंच असं नाही.

आडनावाचीही काळजी नको. वेलस्ली मंडळी मुळातली कोली. आजोबांना 1728 मध्ये वेस्ली आडनावाच्या नातलगाची इस्टेट मिळाली, तिच्याबरोबर त्यांनी आडनावही घेतलं. 1798 मध्ये नातवंडांनी त्याचं वेलस्ली केलं. जालना जिल्ह्यातल्या असईला 1803 मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चाल करून आलेला आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, तो याच नातवंडांपैकी. लढाईच्या वेळी त्याचं आडनाव जेमतेम पाच वर्षांचं होतं. आपल्याकडे तेवढ्या काळात आधार कार्डावरचं नावसुद्धा धड दुरुस्त होत नाही.

त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होता. टिपूचं श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याला बक्षीस मिळालं मार्क्विसपदाचं, पण आयरिश. गडी इतका चिडला की त्या पदवीला दुहेरी मुलाम्याचा बटाटा म्हणाला. तुम्ही असं करू नका. मिळेल तो बटाटा घ्या आणि दिवाणखान्यात, ढालीच्या खाली, नीट दिवा लावून ठेवा.

फक्त हा विनोद आयर्लंडमध्ये सांगू नका. तिथे 1845 पासून बटाटा सडला, माणसं उपाशी मेली, आणि मेयो परगण्यात तिसऱ्या लॉर्ड ल्युकनने भाडं थकलेल्या कुळांना बाहेर काढून त्यांची घरं जमीनदोस्त केली, मोकळ्या झालेल्या रानात मोठी शेती करायला. तुमच्या घराण्यात असं काही निघालंच, तर घाबरू नका. कुलवृत्तांतात ‘शेतीसुधारणा’ नावाचं प्रकरण असतं. तिथे घाला.