पाण्याने धूर गाळला जातो म्हणे!

"हुक्का अकबराच्या हकिमाने शोधला. पाण्यातून धूर गाळला जातो, हर्बल फ्लेवरमध्ये तंबाखू नसते, म्हणून सिगरेटपेक्षा निर्धोक. शिवाय माणसं जोडणारी आपली परंपरा!" असला फॉरवर्ड एरवी मी न वाचताच उडवते. पण भाच्याने तो आईला दाखवून घरात हुक्का आणायची परवानगी काढली, आणि ताई मलाच विचारतेय, "पाण्याने साफ होतो ना गं धूर?"

नाही होत. गार होतो, इतकंच. थोडं निकोटिन पाण्यात उतरतं, हे मान्य. पण चिलमीवरच्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतो. बाकी सगळा बुडबुड्यांबरोबर वर येऊन थेट छातीत. त्यात गार धूर घशाला टोचत नाही, म्हणून माणूस खोल ओढतो आणि तासभर ओढत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेचं २००५ चं टिपण सांगतं, की तासाभराच्या एका बैठकीत एका सिगरेटच्या १०० ते २०० पट धूर आत जातो. हे धुराचं आकारमान आहे, विषाचं प्रमाण नव्हे. तरी याला निर्धोक म्हणायचं? बंद खोलीत हुक्का ओढून कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेले लोक इस्पितळात दाखल झालेत. आणि हर्बल म्हणाल, तर तंबाखू काढली तरी कोळसा जळतोच ना?

हकिमाचं तर विचारूच नका. ज्यांना श्रेय देतात ते अबुल फतह गिलानी १५८९ मध्येच वारले. अकबराचा दरबारी असद बेग याने विजापूरहून तंबाखू आणून बादशहापुढे ठेवली ती १६०४ च्या सुमारास, आणि तेव्हाचा हकीम बादशहाला ती ओढू नका म्हणून अडवत होता.

माणसं जोडतो, हे अर्धं खरं. हरियाणात चौपालीवर, म्हणजे गावच्या चावडीवर, एकच हुक्का हातोहात फिरतो, पण आपल्याच बिरादरीत. ज्याला वाळीत टाकायचं, त्याचं आधी हुक्का-पाणी बंद.

आपल्याकडे महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ पासून कायद्याने बंदी आहे. त्याआधी २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. अग्निशमन दलाच्या अहवालात हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट होतं. तेव्हा ताई, परवानगी मागे घे. आणि तो निखारे कुठे पेटवणार होता, तेही विचार. दिवाणखान्यात पडदे आहेत तुझ्या.