एका शिटीने सीरिज गेली म्हणे
रेफ्रींनीच डेट्रॉइट पिस्टन्सची NBA (अमेरिकन बास्केटबॉल लीग) प्लेऑफची सीरिज घालवली, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. २०२५ च्या न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या सीरिजमधल्या चौथ्या मॅचचा, म्हणजे गेम ४ चा शेवट मी लाइव्ह बघितला, नशिबाने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होती नाहीतर पहाटे उठावं लागतं. निक्स ९४-९३ ने पुढे, पिस्टन्सच्या कनिंगहॅमचा शॉट हुकला, झटापटीत बॉल कॉर्नरला त्यांच्याच हार्डवेकडे, त्याने पंप फेक दिला (शॉट मारायची हूल) आणि निक्सचा जॉश हार्ट सरळ त्याच्या अंगावर गेला, फाऊल आंधळ्यालाही दिसला असता पण शिटी नाही! मॅचनंतर क्रू चीफ, म्हणजे मुख्य रेफ्री, म्हणतो हो फाऊल द्यायला हवा होता. आता काय उपयोग, तीन फ्री थ्रो होते राव. आणि कोचचा चॅलेंज (निर्णय परत तपासायची मागणी) दिलेल्या फाऊलवरच चालतो, न दिलेल्यावर नाही, मग पिस्टन्सचा कोच बिकरस्टाफ करणार काय, नुसता ओरडणार.

पण नंतर गेम ५ न्यूयॉर्कमध्ये जाऊन जिंकलेच की पिस्टन्स, आणि गेम ६ ला त्यांच्या घरच्या कोर्टवर निक्सच्या ब्रन्सनने ४० पॉइंट ठोकले, शेवटचा थ्री (तीन पॉइंटचा शॉट) पण त्याचाच, निक्स ११६-११३ ने जिंकले आणि सीरिज संपली. तिथे कुठला रेफ्री आडवा आला? आदल्या सीझनला फक्त १४ मॅचेस जिंकलेली टीम होती ही पिस्टन्सची, त्याबद्दल दोन ओळी तरी लिहायच्या होत्या.