किल्ल्याभोवती गिरक्या आता पुरे

ग्वाल्हेरकर मराठी मंडळी, जरा स्पष्टच लिहितो. ग्वाल्हेरच्या किल्ल्याची ड्रोनवाली रील पहिल्या दोन सेकंदांतच ओळखू येते. ड्रोन कड्याखालून वर येतो, मानमंदिर महाल दिसतो, त्याच्याभोवती एक गिरकी, मग मागे सरकत सरकत मावळता सूर्य. सोबत ढोलताशे नाहीतर ते छाती धडधडवणारं संगीत. माझं काम एडिटिंगचं, लग्नाच्या फिल्म्स आणि हॉटेलांच्या जाहिराती, त्यामुळे असलं फुटेज माझ्याकडे ढिगानं येतं. मानमंदिर काढा, खाली शहरातला शिंद्यांचा जयविलास महाल घाला. शॉट तोच!

मावळत्या सूर्याचंच घ्या. मानमंदिर म्हणजे राजा मानसिंह तोमरांचा महाल, त्याची कड्यावरची लांबलचक भिंत पूर्वेकडे तोंड करून उभी आहे. तिच्या निळ्या टाइल्सवर ऊन पडतं ते सकाळी. संध्याकाळी ती भिंत सावलीत जाते आणि कॅमेऱ्यात निळ्याचा राखाडी होतो. मग लोक कलर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारताना, निळा खेचतात आणि आभाळ जांभळं करून ठेवतात. ते निस्तरायला मी आहेच. अरे, साडेसहाला उठा की!

जयविलासचं तर मला हसूच येतं. १८७४ साली मायकेल फिलोझनं बांधलेल्या या महालाची खरी मजा दरबार हॉलमध्ये. साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं, आणि छताला ती पेलतील का हे बघायला म्हणे वर हत्ती चढवले होते. गोष्ट खरी-खोटी देव जाणे. पण ड्रोन चार चकरा मारून दाखवतो काय, तर गच्ची आणि पाण्याच्या टाक्या.

आता कुणी म्हणेल, तुमचा ड्रोनवरच राग दिसतोय. अजिबात नाही. ड्रोन नसता तर किल्ल्यावरच्या तेलीच्या मंदिराचं छप्पर मला कधी कळलंच नसतं. खालून बघताना मान दुखते आणि दिसतो फक्त शंभर फुटांचा उंच दगडी डोलारा. वरून बघितलं की लक्षात येतं, हे नेहमीचं निमुळतं शिखर नाहीच. माथा लांबट आहे, बैलगाडीच्या छपरासारखा कमानदार. इथे ड्रोननं अगदी सावकाश, सरळ वर जावं आणि माथ्याच्या रेषेत आलं की थांबावं. गिरकी घेतलीत तर नजर फिरण्यातच गुंतते, आकार हाती लागत नाही.

किल्ल्याच्या उरवाई घाटात कड्यात कोरलेल्या जैन मूर्तींचंही तेच. सगळ्यांत मोठी मूर्ती ५७ फुटांच्या आसपास. रस्त्यावरून आपल्याला पावलं आणि गुडघे नीट दिसतात, चेहरा लांबच राहतो. चेहऱ्याच्या उंचीवर कॅमेरा नेऊन दहा सेकंद स्थिर धरलात, तर माझ्या मते अख्ख्या रीलपेक्षा तेवढेच दहा सेकंद लोक बघतील.

आणि आपलं लष्कर, म्हणजे ग्वाल्हेरचा लष्कर भाग! दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, त्या छावणीचं हे शहर झालं. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज तिथेच आले. शाळेत हे वाचलेलं असतं, पण जवळजवळ ३ किलोमीटर लांबीचा तो डोंगर, पायथ्याला पसरलेलं जुनं ग्वाल्हेर, दक्षिणेला लष्कर, पूर्वेला मुरार, हे सगळं एका फ्रेममध्ये दिसलं की छावणी तिथेच का पडली हे वेगळं समजवावं लागत नाही. असा शॉट मला आजवर कुणी आणून दिलेला नाही. लष्करातल्या बाड्याच्या चौकातली गर्दी मात्र वरून शंभरदा आलीय.

थोडं तांत्रिक. ड्रोनच्या स्क्रीनवरची उंची धरतात ती जिथून उडवला तिथपासून. किल्ल्याचा डोंगर साधारण १०० मीटरचा. वरून उडवून कड्याबाहेर नेलात की स्क्रीन दाखवते ३०, आणि खाली जमीन असते १३० मीटरवर. २०२१ च्या ड्रोन नियमांत हिरव्या क्षेत्राची, म्हणजे जिथे आधी परवानगी न घेता उडवता येतं त्या भागाची, मर्यादा आहे १२० मीटर, तीही जमिनीपासून. म्हणजे नियम तुटतो आणि पत्ताही लागत नाही. त्यात कड्याला धडकून वारा वर उसळतो, फुटेज हिसके खातं. घारी असतात त्या वेगळ्याच.

बरं, २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, म्हणून काही पोरं वाट्टेल तिथे उडवायला मोकळी! अहो, इथेच ग्वाल्हेरात महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर कुठे उडवता येतं त्याचा नकाशा आधी बघा. किल्ल्यावरची वास्तू पुरातत्त्व खात्याची, तिथली परवानगी आणखी वेगळी.

परवा एक काका लग्नाचं बोलायला आले होते. म्हणाले, "भाऊ, तो महाल गोल फिरतो तसा एक शॉट पाहिजे हं." मी म्हटलं, "काका, महाल तुमचा आहे का?" हसले, पण हट्ट सोडला नाही. शेवटी कार्यालयाच्या मागच्या शेतावरून, मालकाला विचारून, सकाळच्या उन्हात वरातीचा एकच लांब शॉट घ्यायचा ठरला. काकूंना तो महालापेक्षा जास्त पटला, कारण त्यात माहेरची सगळी माणसं दिसणार होती.

किल्ल्याचं कुणाला मनापासून करायचं असेल तर मला सांगा, एडिटिंग मी करून देईन. फक्त परवानगीचे कागद आधी आणा, आणि लग्नाच्या सीझनमध्ये फोन करू नका.