राणीच्या बागेतल्या रविवारबद्दल एक तारा देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. त्या रविवारी तुमच्या गटाबरोबर जी गाईड होती तिच्याशीही बोललो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माणशी 500 रुपये घेऊन आम्ही तुम्हाला भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेलं, वाघ झोपलेला होता, हिप्पोची नुसती पाठ दिसली, पेंग्विन बघता बघता संपले, हत्ती म्हणून दगडाचा हत्ती दाखवला आणि उरलेला सगळा वेळ झाडांत घालवला. ‘झाडं तर आमच्या सोसायटीतही आहेत,’ असं तुम्ही लिहिलं आहे. गाईडने मुलांना हरणांना बिस्किटं घालू दिली नाहीत आणि वाघाला उठवायला शिट्टी वाजवणाऱ्या तुमच्या मिस्टरांना चारचौघांत थांबवलं, याचा रागही त्यात आहे. हे सगळं इतर पालकही वाचणार आहेत, म्हणून उत्तर इथेच देतो.

आधी शिट्टीचं, कारण त्यात आम्ही कधीच सवलत देणार नाही. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. पण कायदा नसता तरी आमच्या गाईडने हेच केलं असतं. वाघ दिवसाचा बराचसा वेळ झोपूनच काढतो. त्याची हालचाल पहाटे आणि संध्याकाळी. मे महिन्यात दुपारी बाराच्या उन्हात तो सावलीला पाय पसरून पडला होता, म्हणजे तो निवांत होता, आणि आम्हाला त्याचं समाधान वाटतं. आपण तासाभरासाठी येतो आणि निघून जातो. तो बारा महिने तिथेच असतो, आणि दर रविवारी हजारो माणसं समोर येतात. त्यातल्या प्रत्येकाने एकदा काच वाजवली, एकदा शिट्टी मारली तर त्या जनावराने जगायचं कसं? सगळ्यांसमोर बोलल्यामुळे तुमच्या मिस्टरांना अवघडल्यासारखं झालं असेल, हे समजू शकतो. पण तसं थांबवायची सूचना आमचीच आहे आणि ती कायम राहील.

बिस्किटांचंही तेच. हरीण रवंथ करणारं जनावर. पाला आणि गवत पचवायला घडलेल्या त्या पोटात मैदा-साखर गेली की ते बिघडतं. बिस्किटामागून पुडाही आत पडतो. प्लास्टिक पोटात अडकून जनावर दगावतं. तुमच्या मुलीने प्रेमानेच हात पुढे केला होता, गाईडने मला तसंच सांगितलं. तिला तिथल्या तिथे कारणही सांगितलं होतं आणि तिला ते पटलं होतं.

हिप्पो दिवसा पाण्यात बुडून राहतो कारण उन्हात त्याच्या कातडीतला ओलावा फार लवकर उडून जातो. चरायला बाहेर निघतो तो रात्री. त्यामुळे पाठ, दोन कान आणि नाकपुड्या एवढंच दिसणार. पेंग्विनच्या दालनातली रांग आणि आत थांबायचा वेळ उद्यानाचे कर्मचारी ठरवतात, तिथे आमचं काही चालत नाही. ‘बर्फसुद्धा नव्हता’ असं तुम्ही म्हणता, त्याचं उत्तर मात्र द्यायला हवं. 2016 साली सोलहून आलेले हे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. त्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. तिथला समुद्र गार, पण किनारा बहुतेक कोरडा, वाळवंटी. बर्फ त्यांच्या वाट्याला येतच नाही. म्हणून इथेही दालन 16 ते 18 अंशांवर ठेवतात.

दगडी हत्तीबद्दल. आमच्या माहितीपत्रकात ‘घारापुरीचा दगडी हत्ती’ असंच छापलेलं आहे, जिवंत हत्तीचं आश्वासन कुठेही नाही. बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून. 1864 साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि 1914 साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. अंगावरचे सांधे आजही दिसतात. मुलं त्या सांध्यांवर बोट ठेवून तुकडे मोजू लागतात, म्हणून आम्ही तिथे मुद्दाम थांबतो.

आता झाडं. ताई, माझा सगळा व्यवसाय या झाडांवर उभा आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

ही बाग 1862 साली लोकांसाठी खुली झाली ती वनस्पती उद्यान म्हणून. त्याआधी हीच रोपवाटिका शिवडीला होती, तिथे आता ख्रिस्ती दफनभूमी आहे. पिंजरे नंतर आले. आज इथे 3,000 हून जास्त झाडं आहेत आणि त्यातली कित्येक मुंबईत दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाहीत. म्यानमारची उर्वशी इथे आहे. आफ्रिकेतली गोरखचिंच आहे, जिच्या बुंध्याला तुमच्या गटातल्या मुलांनी हातात हात धरून वेढा घालून पाहिला. कृष्णवड आहे, त्याचं पान देठाशी दुमडून द्रोणासारखं होतं, आणि त्यात कान्हा लोणी लपवायचा अशी गोष्ट सांगतात. मेणबत्तीच्या झाडाला पिवळी, लांबट फळं थेट खोडालाच लटकतात. यातलं एक तरी झाड तुमच्या सोसायटीत असेल तर मला जरूर कळवा, मी स्वतः बघायला येईन.

तुमच्या गटाने सगळ्यात जास्त वेळ कैलासपतीखाली घालवला, आणि तुमचा सगळ्यात मोठा राग त्यावरच आहे. या झाडाची फुलं शेंड्याला येत नाहीत. खोडातूनच वाकड्यातिकड्या फांद्या फुटतात, त्यांना लागतात. पाकळी बोटांत धरली तर जाड, गुबगुबीत, बाहेरून पिवळसर, आतून गुलाबी-लाल. मधे पुंकेसरांचा एक झुपका फण्यासारखा खालच्या गोल भागावर झुकलेला असतो. पिंडीवर नाग धरावा तसा, म्हणून हे नाव. सुगंध असा की डोळे मिटूनही झाड कुठे आहे ते सांगता येतं. आणि त्याच झाडाचं पिकलेलं फळ फुटलं की नाकाला पदर लावावा लागतो. फळ तोफेच्या गोळ्याएवढं आणि कडक, म्हणून गाईडने मुलांना एका बाजूला उभं केलं होतं. खाली पडलेलं फूल प्रत्येक मुलाच्या तळहातावर ठेवून ते उलगडून दाखवायला वेळ लागतो. तो वेळ आम्ही देणारच.

ही झाडं आपोआप टिकलेली नाहीत. 2007 च्या सुमारास बागेचा कायापालट करायचा मोठा आराखडा पुढे आला तेव्हा मुंबईतल्या नागरिकांनी, त्यात बायकाच आघाडीवर, इथल्या झाडांच्या नोंदी केल्या, अर्जविनंत्या केल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आपण ज्या सावलीत उभे राहतो ती त्यांनी राखलेली आहे. माझ्या गाईड हे मुलांना सांगतात, आणि सांगायलाच हवं.

पैशांबद्दल. बागेचं तिकीट 2017 साली मोठ्या माणसाला 50 रुपये झालं, आणि आई, बाबा, दोन मुलं अशा कुटुंबाला 100 रुपयांत प्रवेश ठेवला गेला. ज्यांना फक्त वाघ, पेंग्विन बघून परत यायचं आहे त्यांनी आमच्याकडे पैसे भरूच नयेत, हे मी फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आमची फी आहे ती वनस्पतिशास्त्र शिकलेल्या गाईडच्या तीन तासांची, संग्रहालयाच्या तिकिटाची आणि मुलांना दिलेल्या वहीची. हे तिन्ही तुम्हाला मिळालं, म्हणून पैसे परत करता येणार नाहीत.

पण मुलांना पुन्हा पाठवा, असं मनापासून वाटतं. उर्वशीचा बहर उन्हाळा चढायच्या आधीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेला सुट्टी असेल असा एखादा दिवस धरून, दार उघडताच आत शिरू. तेव्हा गर्दी कमी असते आणि जनावरंही त्या मानाने जागी असतात. तुमच्या दोन्ही मुलांची फी मी घेणार नाही. फक्त बुधवार टाळा, त्या दिवशी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. आणि पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून आणा.