पिशव्या राखायला गाडी आहे, आई पाण्यात पाहिजे

परवा रविवारी पोरांना घेऊन वॉटरपार्कला गेलो. मे महिना, पारा ४३ च्या आसपास, आणि सुट्टी लागल्यापासून घरात एकच धोशा, "कधी जायचं?" माझी दोन, दिरांची दोन, पुण्याहून आलेली भाची आणि आम्ही मोठी माणसं. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून पार्किंगमध्ये लिंबाच्या झाडाखाली उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि आत शिरलो.

पण मला सांगायचंय ते गेल्या वर्षीचं. वर्षभर मनात होतं, लिहायचं धाडस होत नव्हतं.

गेल्या वर्षी मी काठावर होते. दर वर्षीच असायचे. पत्र्याच्या शेडखाली मी, जाऊबाई आणि सासूबाई. मांडीवर पाकिटं, मोबाइल, चष्मे, पायाशी सगळ्यांच्या चपला. आम्हाला कुणी बस म्हणून सांगितलं नव्हतं, पण पाण्यात उतरा असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. आमच्याही नाही. आजूबाजूच्या शेडमध्ये बघितलं तर तेच. साडीतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या बायका पिशव्या धरून बसलेल्या.

भोंगा वाजला. लाटा सोडायच्या आधी वेव्हपूलला वाजवतात तो. सगळी पोरं किंचाळत आत पळाली. माझा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा, पिवळ्या ट्यूबमध्ये बसलेला. दीर त्याच्यापासून चार-पाच हातांवर, प्लास्टिकच्या पाकिटातला मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत होते. मी रेलिंगच्या बाहेरून बघत होते. पिवळी ट्यूब लाटेवर वर-खाली होताना दिसत होती, म्हणून निर्धास्त होते. ती रिकामी आहे हे कळायला मला किती वेळ लागला, ते आजही सांगता येत नाही.

पोराला बाहेर काढलं एका अनोळखी बाईनं. काखेत हात घालून उचललं आणि ओरडली, "अक्का, कुणाचं पोरगं ओ हे?" मी चपला तुडवत धावले. तो खोकला, पाणी ओकला, रडला. अर्ध्या तासानं बर्फाचा गोळा मागत होता. मला मात्र संध्याकाळपर्यंत घोटभर चहा गेला नाही.

नंतर मी त्या बाईंजवळ जाऊन बसले. पन्नाशीच्या असतील. सोलापूरजवळच्या कुंभारीला, विडी कामगारांच्या गोदूताई वसाहतीत राहतात, जन्मभर विड्या वळल्या, नातवाला घेऊन आल्या होत्या. भाड्यानं मिळतो तो निळा नायलॉनचा ड्रेस अंगात, केसांना घट्ट अंबाडा. म्हटलं, तुम्हाला चांगलं पोहता येतं. तर म्हणाल्या, "छे ओ, मला कुठलं पोहायला येतंय? छातीएवढ्या पाण्यात उभारते, लेकराच्या जवळ. तेवढंच." आम्ही बोलत होतो तेव्हासुद्धा नातवाचं मनगट त्यांच्या मुठीत होतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. बुडणारं लेकरू हाका मारत नाही. तोंड क्षणभर पाण्याबाहेर येतं, तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, ओरडायला श्वास उरतच नाही. हातही वर करून हलवत नाही, दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबत राहतं. लांबून बघणाऱ्याला पोर खेळतंय असंच वाटतं. आणि हे सगळं मिनिटभरात आटोपतं. २०२१ मध्ये जगात बुडून सुमारे ३ लाख माणसं गेली, त्यातली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ट्यूब आणि दंडातले फुगे म्हणजे खेळणी, त्यांच्या भरवशावर पोर सोडू नका. शिट्टीवाला लाइफगार्ड असतो, पण रविवारी त्याच्यासमोर दोनशे डोकी असतात. तुमचं डोकं त्यातलं कुठलं, हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

माझं आजोळ बार्शी तालुक्यातलं. मामाच्या विहिरीत भावांना पोहायला शिकवलं ते आठवतं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधलेला, पण त्याआधी मामा स्वतः पाण्यात उतरलेला असायचा. "मार मुटका, मी हाय" म्हणायचा, मग पोरगं उडी टाकायचं. मी आणि मावसबहीण पायऱ्यांवर बसून पोरांचे कपडे राखायचो. आम्हाला कुणी डबा बांधला नाही. मी आज ३८ वर्षांची आहे आणि गेल्या वर्षीही मी कपडेच राखत होते. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

बायका उतरत नाहीत याचं पहिलं कारण ड्रेस. साडी, ओढणी, सुती कपडे चालत नाहीत. ते बरोबरच आहे. सुताचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात, आणि घसरगुंडीवर ओढणी अडकली तर गळ्याला फास बसतो. आपल्या सोलापूरसारख्या टॉवेल-चादरींच्या गावातल्या माणसाला सुताचा धागा कसा सुटतो हे सांगायला नको. पण मग पार्कवाल्यांनी बायकांच्या मापाचे, पूर्ण बाह्यांचे, कोरडे ड्रेस ठेवावेत. आधीच्या बाईच्या अंगावरून उतरलेला ओला ड्रेस हातात देऊ नये. कपडे बदलायच्या खोलीला दार असावं, दाराला कडी असावी. गेल्या वर्षी जाऊबाई तिथवर जाऊन परत आल्या, कारण कडी तुटलेली होती.

दुसरं कारण लोक काय म्हणतील. त्यावर मी एवढंच सांगते की पाण्यात उतरल्यावर कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं.

आणखी एक गोष्ट, पाण्याची. भाचीनं गाडीतच विचारलं होतं, "आत्या, हे पाणी उजनीचं का गं?" आपल्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं, शंभरेक किलोमीटरवरून. उजनी धरणात ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं, पण त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे तळाचं, आपोआप बाहेर न पडणारं पाणी. पातळी त्याच्याही खाली गेली की मायनस, म्हणून दर उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" हे ऐकत आपण मोठे झालो. पोरांना हा प्रश्न पडतो याचा मला आनंद आहे. तिला सांगितलं, तलावातलं पाणी फिल्टरमधून फिरवून पुन्हा वापरतात, म्हणून त्यात लघवी करायची नाही आणि उतरायच्या आधी अंघोळ करायची. डोळे चुरचुरतात ते नुसत्या क्लोरीनमुळे नाही, घाम-लघवीत क्लोरीन मिसळून जे तयार होतं त्यानं. पाचही पोरं गुपचूप शॉवरखाली जाऊन उभारली.

यंदा मी उतरले. पहिल्या लाटेला छाती धडधडली, नाकातोंडात पाणी गेलं, पण धाकट्याचा दंड सोडला नाही. दुसऱ्या भोंग्याला जाऊबाई आल्या. दिरांनी मोबाइल गाडीत ठेवला होता, मी सांगायच्या आधीच. पाकिटंही गाडीत, चपलांच्या जोड्या रेलिंगपाशी तशाच. एकही चोरीला गेली नाही.

सासूबाई शेडमध्येच होत्या. दुपारी मात्र लहान मुलांच्या घोटाभर पाण्यात साडी पिंडरीपर्यंत धरून उभ्या राहिल्या, शिट्टीवाल्यानं बाहेर काढेपर्यंत. येताना गाडीत गप्प होत्या. सात रस्त्यापाशी सिग्नलला म्हणाल्या, "माझ्या मापाचा मिळतो का गं तो ड्रेस?" काल नवी पेठेतून आणलाय, गर्द निळा, पूर्ण बाह्यांचा. त्यांनी तो कपाटात लुगड्यांच्या घडीखाली ठेवलाय.